दोनशे बारा पानांच्या चार ओळी

कडी उचकटली तेव्हा टिपणबाई भावाच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. पहिल्या धक्क्याला त्यांना वाटलं, शेजारी कपाट सरकवताहेत. दुसऱ्या धक्क्याला भिंतीवरचं घड्याळ पडलं. तिसऱ्याला दार बिजागरीसकट आत आलं आणि त्यामागून दहा-बारा माणसं आली. त्यांत बायकाही होत्या. कुणीच ओरडत नव्हतं. ओरडणारा जमाव पांगवता येतो, असं भाऊ नेहमी म्हणायचा. गप्प जमावापुढे काही चालत नाही.

भाऊ न्हाणीघरात दाढी करत होता. त्याला बनियनला धरून बाहेर ओढलं तेव्हा अर्ध्या तोंडाला साबण होता. ओढताना डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं, भुवई फुटली आणि पांढऱ्या फेसातून रक्त हनुवटीपर्यंत आलं. टिपणबाई सुरी घेऊनच धावल्या. जमावातल्या एकीनं त्यांचं मनगट पिरगाळून सुरी पाडली, दुसरीनं मागून केस धरले.

"मान वळवू नका," केस धरणारी म्हणाली. "आम्हालाही बघावं लागलं."

पुढे आला तो पन्नाशीचा माणूस होता. गालांवर आणि कपाळावर ठिणग्यांचे बारीक काळे डाग. हातात लोखंडी सळई. त्याला बाईंनी वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीसमोर गोळीबार झाला त्यात गेलेल्या मुलीचा तो बाप. वेल्डिंगचं काम करणारा.

"कुठला हात वर केला होतास?" त्यानं विचारलं.

बाईंना प्रश्नच कळला नाही. भावाला कळला. गुडघ्यांवर बसल्या बसल्या त्यानं उजवा हात पुढे केला.

दोघांनी तो हात मनगटाशी आणि खांद्याशी दाबून उंबऱ्यावर आडवा ठेवला. वेल्डर घाईत नव्हता. रोजच्या कामाला लागावं तसा तो नीट उभा राहिला, पाय फाकवले, आणि सळई दोन्ही हातांनी उचलली. पहिला घाव कोपराच्या खाली बसला. दुसरा त्याच जागी. तिसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज आला आणि तोवर दात आवळून बसलेला भाऊ ओरडला. ती किंकाळी बाईंनी तो सहा वर्षांचा असताना एकदा ऐकली होती, त्यानंतर आजच. त्यांनी लाथा झाडल्या, कुणाच्या तरी दंडाला कडकडून चावल्या. मग डाव्या कानावर एक गुद्दा बसला आणि जमीन तिरकी होऊन वर आली.

हे सगळं चार मिनिटांत उरकलं. जाताना प्रत्येकानं भावाच्या बरगडीत एकेक लाथ घातली, रांगेनं, कुणी पुढे घुसलं नाही. शेवटच्या बाईनं उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद केला आणि मग ती गेली.

टिपणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बावीस वर्षं जे काम केलं ते नावाला चिकटलं. राज्यघटनेचा अर्थ लावणाऱ्या घटना न्यायालयाचे निकाल छापणारं एक मासिक होतं, तिथे त्या शीर्षटिपा लिहीत. निकाल कितीही लांब असो, त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात चार ओळी: न्यायालयानं काय ठरवलं. न्यायमूर्ती लिहितात दोनशे पानं, वकील वाचतात चार ओळी, आणि पोलीस त्या चार ओळीही दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात, असा त्या कचेरीतला जुना विनोद होता. शितावरून भाताची परीक्षा. आणि शीत काढून द्यायचं काम टिपणबाईंचं.

धाकटा भाऊ फौजदार झाला तेव्हापासून दर महिन्याचा अंक त्या स्वतःच्या हातानं त्याला पाठवत. तो वाचतो याचा त्यांना कोण अभिमान. "माझा भाऊ कायदा वाचून दंडुका उचलतो," असं त्या चारचौघांत म्हणत, आणि कचेरीतले लोक तोंड फिरवून हसत.

त्या भावानं अकरा दिवसांपूर्वी गोळीबाराचा हुकूम दिला होता. वस्तीला नऊ दिवस पाणी नव्हतं. सकाळी नऊच्या सुमारास तीनशे माणसं रिकाम्या बादल्या वाजवत पाणीपुरवठ्याच्या फाटकावर आली. बादल्यांचा आवाज वाढत गेला, कुणीतरी फाटक हलवायला लागलं, आणि फौजदारानं उजवा हात वर करून खाली आणला. ना भोंगा, ना सूचना, ना हवेत एखादा बार. चौदा गोळ्या सुटल्या. एक म्हातारा हमाल फाटकालाच टेकून मेला. दवाखान्यातली एक आया पोटात गोळी घेऊन पन्नास पावलं चालली आणि मग बसली ती बसलीच. तिसरी वेल्डरची मुलगी, एकोणीस वर्षांची. गोळी गळ्यात लागली. बापानं दोन्ही हातांनी भोक दाबून धरलं होतं आणि रक्त बोटांच्या फटींतून येत राहिलं. फोटो तेव्हाचा होता.

भावाला निलंबित केलं, आणि एका निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग बसला. आयोगानं ठपका ठेवला की पुढे खुनाचा खटला, हे कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं.

मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळात भावाचे वकील आले. गोरेगोमटे, हसतमुख, दुसऱ्याच्या दुःखात जागा करून बसायची सवय असलेले. भावाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता, तीन बरगड्या मोडल्या होत्या, आणि गुंगीच्या औषधानं तो झोपला होता.

"बाई, तुमचा कान कसा आहे?"

"आहे जागेवर. ऐकू येत नाही."

"मग उजवीकडून सांगतो. चांगली बातमी आहे." त्यांनी पिशवीतून मासिकाचा आठ महिन्यांपूर्वीचा अंक काढला आणि ठळक ओळींवर बोट ठेवलं. जमाव हटत नसेल आणि परिस्थिती तातडीची असेल, तर गोळीबारापूर्वी इशारा देण्याचे बंधन पोलिसांवर नाही. "हे तुम्हीच लिहिलेलं ना?"

"मीच."

"मग झालं तर! कायद्याचं छापील पुस्तक म्हणतं इशारा लागत नाही. माणूस त्यावर विसंबला. त्याला खुनी कोण म्हणेल? तुमच्या चार ओळींनी भाऊ सुटतो, बाई. मला फक्त मूळ निकालाची प्रत हवी, न्यायालयाच्या शिक्क्याची."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांत कुणी त्यांच्या लिखाणाचं एवढं कौतुक केलं नव्हतं. मूळ प्रत कचेरीच्या कपाटात होती. त्या रिक्षा करून लगेच गेल्या.

कपाटाशी उभ्या उभ्याच त्यांनी पान सत्त्याण्णव उघडलं. परिच्छेद एक्केचाळीस. वाक्य तिथेच होतं, शब्दन् शब्द. मग सवयीनं त्यांनी एक पान मागे उलटलं. शहाण्णवाव्या पानाच्या अगदी तळाशी, एकटीच एक ओळ होती: आता सरकारपक्षाचे म्हणणे पाहू, ते असे.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग खुर्ची ओढली.

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती कसे लिहितात हे त्या धंद्यातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. जे मत खोडून काढायचं ते आधी इतकं जीव ओतून मांडायचं, की त्या मताच्या वकिलालाही तसं जमू नये. आणि मग सावकाश, पन्नासेक पानांनी, त्याची एकेक वीट काढायची. पूर्वपक्ष, म्हणजे खोडायचं ते मत, पुरा झाल्याशिवाय यांच्या निकालाला हात लावू नका, असं नवीन माणसांना बाईच शिकवत. पण कचेरीत पानं वाचून होतील तशी पलीकडच्या खोलीत मुद्रितं तपासायला जायची पद्धत होती. त्या दिवशी पान शहाण्णव वाचून त्यांनी पलीकडे पाठवलं, आणि तेवढ्यात छपाईखान्यातून बोलावणं आलं. अर्ध्या तासानं परत येऊन बसल्या तेव्हा समोर गठ्ठ्याच्या वर सत्त्याण्णवावं पान होतं, आणि ते वाचताना बोलणारा कोण हे त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. अंक चारला छपाईला जायचा होता. पुढची पानं त्यांनी चाळली. चाळली होती, वाचली नव्हती. हे त्यांना आत्ता, या खुर्चीत बसल्यावर, स्वच्छ आठवलं.

परिच्छेद अठ्ठ्याऐंशी त्यांनी आज पहिल्यांदा वाचला. परिच्छेद एक्केचाळीसमधील म्हणणे आम्ही फेटाळतो. ज्याच्यावर गोळी झाडायची त्याला घरी जाण्याची संधी आधी दिली पाहिजे. ती न देता झाडलेली गोळी कायद्याची नव्हे.

बाई उठून संपादकांच्या खोलीत गेल्या आणि ती तिन्ही पानं त्यांच्या टेबलावर ठेवली. संपादक सज्जन होते. सज्जन माणसाला घाम लवकर फुटतो.

"आठ महिने झाले," ते पुटपुटले. "एकाही वाचकाचं पत्र नाही?"

"नाही."

"म्हणजे कुणीच..." त्यांनी कपाळ पुसलं. "शुद्धिपत्र काढू. पण आयोग संपू दे."

"कोंबडं झाकून ठेवल्यानं उजाडायचं राहतं का, साहेब?"

"तसं नव्हे हो. भावाचा विचार करा. चूक तुमची, आपल्या मासिकाची. तो बिचारा विश्वासानं वाचून वागला. टीप चुकीची निघाली तरी त्याचा विश्वास खोटा ठरत नाही. उलट तुम्ही उभं राहून चूक कबूल केलीत तर तो आणखी सुटतो."

हे खरं होतं. बाईंना ते पटलं, आणि पटल्यामुळे त्यांना थोडा श्वास घेता आला. आपली नोकरी जाईल, नाव जाईल, जाऊ दे. तीन माणसं गेली ती आपल्या चार ओळींनी गेली. निदान भाऊ तरी त्याच ओळींनी वाचेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्पितळात गेल्या. तळमजल्याच्या बोळात वेल्डरला मलमपट्टीसाठी आणून बसवलं होतं. मारहाणीनंतर पोलिसांनी त्याला पकडलं होतं, आणि भावाच्या घरी पाहिलेल्या आणि आजच्या त्याच्या चेहऱ्यात फार फरक होता. एक डोळा सुजून मिटला होता, वरचा ओठ फाटून दोन झाला होता, पुढचे दात नव्हते. एक हात बाकाच्या पायाला बेडीनं अडकवलेला, त्यामुळे त्याला ताठ बसता येत नव्हतं. शेजारी दोन शिपाई. बाई दिसताच त्यांतला तरुण शिपाई उठून उभा राहिला, अदबीनं मान लववली, आणि बुटाच्या टाचेनं वेल्डरच्या घोट्यावर जोरात दाबलं.

वेल्डरच्या तोंडातून हुंकार निघाला, सोबत रक्ताचा फुगा.

"अहो, काय करताय हे!"

"तुमच्याच भावासाठी, ताई," शिपाई म्हणाला. तो खरंच त्यांना काही भेट दिल्यासारखा हसत होता. "आमच्या साहेबांच्या हाताला हात लावतो म्हणजे काय? बोटं बाकी आहेत याची अजून."

"पाय काढा आधी. नाहीतर मी इथेच बोंब मारीन."

त्यानं पाय काढला, नाराज होऊन. वेल्डरनं उघड्या डोळ्यानं बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते. बाईंच्या हातात भावासाठी आणलेल्या चहाचा थर्मास होता. तो त्यांनी उघडला, झाकणात चहा ओतला आणि बाकावर, त्याच्या मोकळ्या हाताशी ठेवला. त्यानं झाकण उलटं करून चहा फरशीवर ओतला आणि ते परत जागेवर ठेवलं. बाईंनी ते उचललं आणि त्या जिना चढल्या.

भाऊ जागा होता. दाढी अर्धीच झालेली, एका गालावर खुंट वाढलेले, दुसऱ्यावर कमी. बाई स्टुलावर बसल्या.

"बाळ्या, तुला एक सांगायचंय. आधी सगळं ऐकून घे, मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे."

त्यांनी सगळं सांगितलं. शहाण्णवाव्या पानाची तळातली ओळ, एक्केचाळीस, अठ्ठ्याऐंशी, चाळलेली पानं. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं, इतकं की शेजारच्या खाटेवरच्या माणसानं कूस बदलली. "तीन माणसं माझ्यामुळे गेली रे. खाली तो बसलाय, त्याची पोर माझ्यामुळे गेली. तुझा हात माझ्यामुळे गेला. तू माझ्यावर विश्वास टाकलास आणि मी साधं पान उलटून बघितलं नाही."

भावानं डावा हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. लहानपणी त्या त्याच्या डोक्यावर ठेवत तसा.

"ताई, रडू नको. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"अरे, पण ती टीप..."

"टीप चुकलीय हे मला माहीत होतं."

बाईंना वाटलं, कानाचा दोष. त्यांनी उजवा कान पुढे केला.

"निकाल मी सगळा वाचला होता," तो म्हणाला. "तू अंक पाठवतेस म्हणून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. या निकालाला तीन रविवार लागले. अठ्ठ्याऐंशीपाशी आलो आणि म्हटलं, ताई इथे घसरली."

"मग मला फोन का नाही केलास?"

प्लास्टरच्या आत कुठेतरी खाजत असावं, त्यानं बोटं हलवायचा प्रयत्न केला आणि चेहरा वाकडा केला.

"केला असता तर तू शुद्धिपत्र काढलं असतंस."

खालून बोळातून कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज आला आणि थांबला.

"तीन वर्षांपूर्वी मंडईत मी इशारा दिला होता," भाऊ म्हणाला. "अगदी कायद्यानं. भोंग्यावरून तीनदा ओरडलो, दोन मिनिटं घड्याळ लावून थांबलो. त्या दोन मिनिटांत माझ्या हवालदाराला त्यांनी पालथा पाडून फरशीनं ठेचला. मी उचलायला गेलो तर त्याचा जबडा माझ्या हातात आला, ताई. तेव्हापासून मला इशारा म्हटलं की ती दोन मिनिटं दिसतात. तुझ्या चार ओळी आल्या, तेव्हा वाटलं, कुणीतरी ती दोन मिनिटं मला परत दिली. चुकून का होईना. मी अंक कपाटात ठेवला आणि गप्प बसलो."

"आणि त्या दिवशी फाटकावर? तिथे दगड होते?"

"बादल्या होत्या."

"आणि तुला अठ्ठ्याऐंशी आठवत होता."

"हात वर करेपर्यंत आठवत होता."

त्या क्षणी बाईंना त्याचा दुसरा हातही मोडावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्याच्या त्या वेड्यावाकड्या दाढीवरून हात फिरवावासा वाटला. दोन्ही न करता त्या थर्मासचं झाकण आवळत राहिल्या. ते आधीच घट्ट होतं.

"हे मला कशाला सांगितलंस?" त्या शेवटी म्हणाल्या. "मी माझं सांगितलं असतं, तू सुटला असतास. मला काय कळणार होतं?"

"तू रडत होतीस," भाऊ म्हणाला. मग पुन्हा छताकडे बघून, "मी निकाल वाचला होता हे वकिलांना ठाऊक नाही. आयोगापुढे विचारतील तेवढंच बोल. टीप चुकली, चूक माझी. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. टीप चुकीची होती एवढं त्यांनी वकिलांना सांगितलं, आणि तेही संपादकांसारखंच बोलले. पुढचा आठवडाभर बाई ते वाक्य जिभेवर घोळवत राहिल्या. टीप चुकली, चूक माझी. जेवताना, आंघोळ करताना, कानात औषध घालून पडल्यावर. एवढंच बोललं की भाऊ सुटतो, आणि बोललेला शब्दन् शब्द खरा.

आयोग नगरपालिकेच्या सभागृहात बसला होता. न्यायमूर्ती वयस्कर होते, सर्दीनं बेजार. टेबलावर त्यांच्यापुढे कागदांपेक्षा रुमालच जास्त होते. समोर साक्षीदाराची खुर्ची. डावीकडे भाऊ, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात पोटाशी धरून, शेजारी त्याचे वकील. उजवीकडे मेलेल्यांचे नातेवाईक. वेल्डरला कोठडीतून आणलं होतं. दोन्ही हातांत बेड्या, ओठाला टाके.

वकिलांनी विचारलं, बाईंनी उत्तरं दिली. टीप तुमची? माझी. चुकीची? चुकीची. चूक कुणाची? माझी. त्यांनी पानांची गोष्टही सांगितली, चाळल्याची सुद्धा. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, कुणीतरी "हिलाच उभी करा भिंतीला" असं मोठ्यानं म्हणालं, आणि एक चप्पल येऊन बाईंच्या खांद्याला लागली. शिपायांनी चप्पल टाकणाऱ्या माणसाला केसांना धरून बाहेर नेलं. दाराबाहेर त्याला मारल्याचे आवाज सगळ्यांना ऐकू येत होते. न्यायमूर्तींनी घंटा वाजवली. आवाज थांबायला वेळ लागला.

"माझं झालं," वकील म्हणाले आणि बसताना भावाच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

"नातेवाइकांना साक्षीदाराला काही विचारायचं असेल, तर एकेक प्रश्न विचारता येईल," न्यायमूर्ती म्हणाले.

हमालाच्या मुलानं मान हलवून नको म्हटलं. आयेच्या नवऱ्यानं वर पाहिलंच नाही. वेल्डर उठला. फाटलेल्या ओठामुळे त्याचे शब्द ओले येत होते, आणि बाईंना मान तिरकी करून उजवा कान त्याच्याकडे करावा लागला.

"मी शिकलेला नाही, साहेब. मला ते कलम-बिलम समजत नाही. बाई म्हणाल्या, दोनशे बारा पानं होती. त्यांत पुढे नीट लिहिलं होतं की आधी सांगायचं, मग मारायचं. आमच्या पोरीला कुणी सांगितलं असतं तर ती घरी आली असती. भित्री होती ती." त्यानं ओठावरचं पाणी खांद्याला पुसलं. "मला एवढंच विचारायचंय. एवढं मोठं सरकार, एवढ्या कचेऱ्या, एवढे पोलीस. ती सगळी पानं वाचणारं एकसुद्धा माणूस नव्हतं का?"

वकील ताडकन उठले. "साहेब, हा प्रश्न या साक्षीदाराला कसा? त्यांना काय माहीत?"

न्यायमूर्तींनी रुमालात नाक शिंकरलं आणि बाईंकडे सहानुभूतीनं पाहिलं.

"माहीत असेल तर सांगा. माहीत नाही म्हणालात तरी चालेल."

माहीत नाही. दोनच शब्द, आणि ते बाईंच्या ओठांशी आलेही. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. वेल्डर उभाच होता. उत्तर आल्याशिवाय बसायचं नसतं असं त्याला कुणी सांगितलं असावं, किंवा तो तसाच माणूस असावा. भावाकडे बघायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं, आणि त्यांनी बघितलं नाही.

"होता," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की टंकलेखकानं मान वर केली. "एक जण होता. त्यानं सगळा निकाल वाचला होता."

"कोण?" न्यायमूर्तींनी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात डावीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊ पुढच्या कठड्याला डाव्या हातानं धरून उठत होता. वकिलांनी त्याचा सदरा धरून खाली ओढलं, पुन्हा ओढलं, शिवण उसवली, तरी तो उठतच राहिला.